जनावराच्या उंचीवर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना पडद्यावर दाखवलेले फोटो इथे देता आले नाहीत, म्हणून काही ठिकाणी वर्णन थोडं वाढवलं आहे.)



मला बोलायला सांगताना संयोजकांनी एकच अट घातली होती. "कॉम्प्युटरवर बोलू नको, पोरं झोपतील." पोरं म्हणजे तुम्ही, ज्यांच्यातल्या काहींच्या पोरांची लग्नं ठरायला आलीत. मग कशावर बोलू, असं विचारलं तर उत्तर आलं, "बेंदराच्या दिवशी ग्रुपवर जे लिहिलंस ना, त्यावरच बोल."

जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. यंदाच्या बेंदराला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐंशीच्या वर फोटो आले. बैल, गाई, वासरं, एकाची घोडी, दोघींची कुत्री, आणि एकीनं तर मांजरीला झूल घातली होती. (त्या मांजरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.) मी सगळे फोटो बघितले. झुली दिसत होत्या, बाशिंगं दिसत होती, हिंगूळ लावलेली शिंगं दिसत होती, मालकाचा नवा शर्ट तर अगदी स्वच्छ दिसत होता. जनावर काही दिसत नव्हतं. म्हणून मी लिहिलं, "बैल कुठाय?" त्यावर दिवसभर जे उत्तर-प्रत्युत्तर झालं ते इथं वाचून दाखवण्यासारखं नाही, समोर बाई बसल्यात.

फोटोग्राफीचं माझं काही शिक्षण नाही. कराडला इंजिनिअरिंग केलं आणि वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथं कुणी गाव विचारलं की "औंध" म्हणून लगेच "साताऱ्याकडचं" असं जोडावं लागतं, नाहीतर पुढचा प्रश्न "परिहार चौकाजवळ का?" असा येतो. गेली काही वर्षं माझं काम फोटोतल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. त्यामुळे मोबाइलचा कॅमेरा काय बघतो आणि काय बघत नाही, एवढं थोडंफार कळतं. संयोजकांची क्षमा मागून दोन मिनिटं कॉम्प्युटरवरच बोलते.

आमच्या धंद्यात 'इमेजनेट' नावाचा एक प्रसिद्ध फोटोसंग्रह आहे. त्यावर जगभरच्या लोकांची स्पर्धा व्हायची. एक हजार प्रकारच्या गोष्टी यंत्रानं फोटोवरून ओळखायच्या. २०१२ साली त्या स्पर्धेत एका प्रोग्रॅमनं बाकीच्यांना पार मागं टाकलं, आणि आज ज्या एआयचं नाव रोज कानावर पडतं त्याची लाट तिथून उठली असं आम्ही लोक मानतो. आता त्या हजार गोष्टींत कुत्र्यांच्या जातीच शंभराहून जास्त आहेत. आणि बैल? बैलाला एक खाना. 'ऑक्स'. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, सगळी एका दावणीला. त्या शंभरावर कुत्र्यांत आपल्या पलीकडचा मुधोळ हाउंडही नाही. खरसुंडीच्या जत्रेतला एखादा म्हातारा वीस पावलांवरून बघून सांगतो, हा आटपाडी महालाचा, तो म्हसवडकडचा. तिथं हे जगातलं नावाजलेलं यंत्र नुसतं 'बैल' म्हणून गप्प बसतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुमच्या हातातला फोन अशाच शिकवणीतून तयार झालेला आहे. माणसाचा चेहरा त्याला चटकन सापडतो. अलीकडच्या फोनना कुत्र्या-मांजराचा चेहराही बऱ्यापैकी सापडतो. बैल, शेळी, म्हैस, घोडा यांच्या बाबतीत काही खरं नाही. म्हणून काय होतं, तर तुम्ही कासरा धरून उभे राहता, कॅमेरा तुमचं तोंड शोधतो, तुमच्या तोंडाच्या हिशेबानं उजेड ठरवतो, आणि बैल धुरकट येतो. नवा शर्ट स्वच्छ का दिसत होता, त्याचं कारण हे.

यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर जनावराच्या डोळ्यावर बोट ठेवा. दोन्ही डोळे दिसत असतील तर तुमच्या जवळच्या डोळ्यावर. शेपूट अस्पष्ट आली तरी चालते, कान थोडा हलला तरी चालतो, पण डोळा स्पष्ट नसेल तर तो फोटो कुणाचाच नसतो. आणि त्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर जिवंत जनावरसुद्धा पेंढा भरल्यासारखं दिसतं. तोंड सावलीत असलं की तो ठिपका जातो. अशा वेळी जनावराला हलवू नका, तुम्ही फिरा.

दुसरी गोष्ट उंचीची. आपण उभे राहतो आणि खाली फोन करून कुत्र्याचा फोटो काढतो. येतं काय, तर मोठं डोकं, त्याखाली चार काड्या आणि बाकी फरशी. खाली बसा. कुत्रं असेल तर उकिडवं बसा, मांजर किंवा करडू असेल तर सरळ पोटावर पडा. आपल्या वयात पडणं सोपं आहे, उठणं अवघड, हे मान्य. मग निदान फोन उलटा धरा, म्हणजे त्याची काच खाली जमिनीजवळ येते, आणि अंदाजानं चार-पाच काढा. खिल्लार बैलाला बसावं लागत नाही, त्याचा डोळा आपल्या छातीच्या वर असतो. तिथं उलट चूक होते. माणसं बैलाच्या अगदी नाकाजवळ जाऊन फोन धरतात. मोबाइलची साधी काच रुंद बघणारी असते. जवळून धरली की नाक भोपळ्याएवढं आणि शिंगं कुठंतरी मागं आखूड झालेली दिसतात. ज्या शिंगांसाठी खिल्लार ओळखलं जातं तीच गेली! चार पावलं मागं या आणि फोनवर दोन पट मोठं करून काढा. शिंगांचा बाक आहे तसा येईल.

शिंगांवरून आठवलं. फोनमध्ये 'पोर्ट्रेट' म्हणून एक सोय असते, ती मागचा देखावा धूसर करते. बैलाला ती लावू नका. तो सगळा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो: हा भाग जनावर, हा भाग मागचा देखावा. मिशा, कानावरचे केस, शिंगाचं टोक इथं तो अंदाज हमखास चुकतो. आपल्या ग्रुपवर एका फोटोत शिंग मध्येच विरघळलंय, तुम्हाला वाटलं असेल धुकं होतं. धुकं नव्हतं, आमच्यासारख्याच कुणाचातरी प्रोग्रॅम होता.

आता उजेड. ह्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या जनावरांची खरी अडचण इथं आहे. एक तर आपल्याकडं ऊन भरपूर, आणि जनावरं एकतर पांढरी नाहीतर काळी. कॅमेऱ्याला मात्र सगळं मध्यम करायचं असतं. पांढरा बैल फोटोभर असेल तर तो त्याला राखाडी करतो. काळी म्हैस फोटोभर असेल तर तिलाही राखाडी करतो, मग ती धुळीत लोळून आल्यासारखी दिसते. आणि काळोख्या गोठ्यापुढं उन्हात पांढरा बैल उभा असेल, तर कॅमेरा काळोखाला बघून सगळंच उजळतो आणि बैलाचा पांढरा जळून जातो. मग अंगावरची झाक, मानेवरची राखी छटा, वशिंडाची गोलाई काहीच राहत नाही, कागदातून कापलेला बैल दिसतो. जळलेला पांढरा नंतर कुठल्याही ॲपनं परत येत नाही.

फोनवर डोळ्यावर बोट ठेवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं. ते बोटानं वर-खाली सरकतं. काळ्या जनावराला थोडं खाली ओढा. पांढऱ्याला, मागं काळोख असेल तर खाली, आणि फोटोभर पांढरंच असेल तर किंचित वर. एवढ्यानं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं म्हणजे वेळ आणि जागा. दुपारी बारा ते तीन फोन खिशात ठेवा. सकाळचं किंवा उतरतीचं ऊन घ्या. आणि त्याहून चांगली जागा प्रत्येकाच्या घरी आहे, गोठ्याचं दार. जनावर दाराच्या एक-दोन हात आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडं, आणि तुम्ही दारात आडवे न येता एका बाजूला. डोळ्यात ठिपका येतो, अंगाची गोलाई येते, मागचा पसारा काळोखात जातो. शेण, पाटी, मोडकी सायकल काही दिसत नाही. शहरात ज्यांच्याकडं कुत्रं-मांजर आहे त्यांच्यासाठी हेच काम गॅलरीचं दार करतं.

तुम्हाला आठवत असेल, आपल्याला शाळेतून टेकडीवर संग्रहालय बघायला न्यायचे. आपलं लक्ष पायऱ्या कोण आधी चढतो यात. पंतप्रतिनिधी बाळासाहेबांनी १९३८ साली ते उभारलं. स्वतः हातात कुंचला धरणारा राजा, त्यामुळे चित्रांवर उजेड कसा पडावा याचा विचार इमारत बांधतानाच झाला. चित्रांवर थेट ऊन पडत नाही, नुसता उजेड येतो. परवा मी मुद्दाम जाऊन पुन्हा बघून आले. रविवर्मा, धुरंधर बघितले, हेन्री मूरचं ते आई-मुलाचं दगडी शिल्प बघितलं. लहानपणी त्याला आपण काय नाव ठेवलं होतं ते इथं सांगत नाही. चित्रांतल्या चेहऱ्यांवर उजेड कुठून येतो तेवढंच शोधत फिरले. बहुतेक ठिकाणी तो एका बाजूनं येतो, समोरून थोबाडीत मारल्यासारखा येत नाही. फ्लॅश नेमकं तेच करतो. त्यातून जनावराच्या डोळ्याच्या आत, पडद्यामागं, आरशासारखा एक थर असतो, अंधारात बघता यावं म्हणून. फ्लॅश मारला की तो उजेड परत फेकतो आणि गरीब गाय भुतासारखी हिरवी-निळी चमकते. फ्लॅश बंदच ठेवा.

इथवर सगळं फोनचं झालं. ते अर्ध्या तासात येतं. पुढचं मला यायला वेळ लागला, आणि ते मी आमच्या अण्णांकडून शिकले.

आमच्याकडं हरण्या आणि सोन्या अशी खिल्लार जोडी होती. हरण्या घरच्याच गाईचा. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना काम फारसं नव्हतं, पण अण्णांनी जोडी मोडली नाही. २०२२ च्या लंपीत सोन्या गेला. तुमच्यापैकी अनेकांच्या दावणीला त्या वर्षी काय झालं ते मी सांगायला नको. हरण्या एकटा राहिला. गेल्या वर्षी दिवाळीला आले तेव्हा मी ठरवून आले होते की हरण्याचा चांगला फोटो काढायचा. फोन घेऊन गोठ्यात गेले तर अण्णा उठून आडवे उभे राहिले. म्हणाले, "फोटू कशाला? इकायचाय काय त्याला?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. आपल्या गावाकडं जनावराचा फोटो कधी काढतात? विकताना. हेडी येतो, बैल आडवा उभा करतो, कासरा ताणून मान वर करतो, शिंगं, वशिंड, शेपूट, चारी पाय दिसतील असा एक फोटो, तोंड उघडून दातांचा एक, आणि दहा मिनिटांत तो तीन तालुक्यांत फिरतो. दुसा, चौसा, जुळलेला, किंमत अमुक. एरवी घरच्या जनावराचा फोटो काढायची आपली रीतच नाही. अण्णांच्या मनात फोटो म्हणजे दावं सुटणं.

आमच्या माजघरात आजोबांचा एक फोटो आहे, यात्रेत आलेल्या फोटोग्राफरनं काढलेला. आजोबा फेटा बांधून उभे आहेत, हातात कासरा. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बैलाची मान आहे, आणि तिथं फोटो संपतो. डोकं चौकटीबाहेर. त्या बैलावर आजोबा मरेपर्यंत बोलायचे. पंचक्रोशीत तसा बैल नव्हता म्हणे. तो दिसायला कसा होता हे आज सांगणारं कुणी उरलेलं नाही. फोटोग्राफरचा दोष नाही, त्याला पैसे आजोबांच्या फोटोचे मिळाले होते.

मी अण्णांना तो फोटो काढून दाखवला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "काढ. पर त्येला उभं करू नको. त्यो जसा हाय तसा बसू दे."

ही अट मी पुढं सगळ्या फोटोंना लावली. दोन दिवस मी गोठ्याच्या दारात पोत्यावर बसून होते. पहिला दिवस वायाच, कारण हरण्या माझ्याकडंच बघत होता. हे कोण आणि हिच्या हातात काय? फोन हातात धरून नुसतं बसायचं, काढायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला माझा कंटाळा आला. कंटाळा आला म्हणजे काम झालं. मग तो कडबा खाऊ लागला, रवंथ करू लागला, डोळे मिटू लागला. माडगूळकरांचे तात्या, म्हणजे व्यंकटेश माडगूळकर, आपल्याच औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे. माणसांइतकंच जनावरांवर लिहिलं, चित्रंही काढली. 'सत्तांतर' तर सगळीच्या सगळी वानरांच्या टोळ्यांवर आहे. तसलं लिहायला किती दिवस गप्प बसून बघावं लागत असेल, याचा अंदाज मला त्या पोत्यावर आला.

बसल्या-बसल्या दिसू लागतं. गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं, बोलत जायचं. कान तर सतत बोलत असतात. एक कान तुमच्याकडं आणि एक रस्त्याकडं, म्हणजे तो अजून सावध आहे. दोन्ही सैल, आडवे पडलेले, म्हणजे निवांत आहे. फोटो तेव्हा काढायचा.

मला हवा तो फोटो मिळाला तो संध्याकाळी, अण्णा पेंड घेऊन आले तेव्हा. ते अजून माझ्या मागं अंगणात होते, फक्त खोकले. हरण्यानं मान वळवली नाही, नुसता एक कान फिरवला. तेवढंच. फोटोत काही विशेष नाही. म्हातारा बैल बसलाय, तोंडाला कडब्याचं पान चिकटलंय, मानेवर जू घासून झालेला घट्टा आहे. मोठा करून बघितला तर डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यात गोठ्याचं दार दिसतं आणि दारात पाटी घेतलेला माणूस. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. डोळ्यातला माणूस मी दाखवला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, "कान बघ. माझा खोकला वळाकला त्येनं."

हरण्या या उन्हाळ्यात गेला. बेंदराला आमच्या दावणीला बैल नव्हता.

असो. आता ज्यांच्याकडं पळणारी जनावरं आहेत त्यांच्याकडं येते, नाहीतर शर्यतवाले मित्र उठून जातील. पळताना पाय कसे पडतात हे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं ओळीनं बारा कॅमेरे मांडून पळणाऱ्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा कळलं की पळताना एका क्षणी चारी पाय जमिनीवरून सुटतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर कित्येक चित्रकार पुढचे पाय पुढं, मागचे मागं असे ताणून काढत होते. तुमच्या फोनमध्ये ते बारा कॅमेरे आहेत. फोटोचं बटन दाबून धरलं, काही फोनवर बाजूला ओढलं, की सटासट फोटो निघतात. भरपूर उजेडात काढा, गाडीबरोबर फोनही फिरवा, आणि नंतर त्यातला एक ठेवून बाकीचे काढून टाका. आपल्या ग्रुपवर एकाच बैलाचे चाळीस आले होते, एकही पुसलेला नव्हता.

आणि जपून. आपल्या संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या कैद्यांच्या वसाहतीवरून 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ साली, हे आपल्याला शाळेत अभिमानानं सांगितलं जायचं. त्यातल्या बैलाशी झुंजीचा प्रसंग चित्रित करताना शांतारामबापूंच्या डोळ्याला जबर इजा झाली होती. जाणत्या माणसांनी सगळी तयारी केलेली असून. तेव्हा वळू, व्यालेली म्हैस, अनोळखी कुत्रं यांच्यापुढं फोन धरून उलटं चालत जाऊ नका, आणि पोराला बैलाच्या पायात उभं करून सेल्फी तर नकोच.

बेंदराचं एक सांगायचं राहिलं. सणाच्या दिवशी जनावर बावरलेलं असतं. रंग, घुंगरं, हलगी, गुलाल, त्यात दहा जणांचे फोन. त्या फोटोत डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, तो भीतीचा असतो. फोटो आदल्या दिवशी काढा, खांदेमळणीला. घरातला माणूस तेल-हळदीनं खांदा चोळतोय आणि बैलानं मान सैल सोडलीय, यासारखं दृश्य वर्षभरात दुसरं नाही. आपल्या ऐंशी फोटोंत त्याचा एकही नव्हता.

मुंबई-पुण्यातल्या कुत्रे-मांजरवाल्यांनी नाराज होऊ नये. तुमच्यासाठीही हेच, फक्त जागा लहान. काळ्या कुत्र्याला खिडकीच्या बाजूनं उजेड द्या, केसांवरच्या चकाकीनंच त्याचा आकार कळतो. काचेजवळ खाऊ धरा. वेगळा आवाज काढला की तो मान कलती करतो, पण ही युक्ती दोन-तीनदाच चालते, मग त्याला तुमचा स्वभाव कळतो. पोरांना कुत्र्याला मिठी मारून बसवू नका. आपल्याला ते प्रेमळ दिसतं, पण कान मागं आणि जीभ ओठांवर असेल तर त्याला ते नको आहे, आणि फोटोत ते दिसतं. मांजराला हाक मारून उपयोग नाही, हे मांजरवाल्यांना मी सांगायला नको. ते जिथं उन्हाला बसतं तिथं आधी जाऊन बसा.

एक कोरडं कामही याच सोबत उरकून घ्या. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्याचा आकडे वाचता येतील असा एक फोटो. नाकाच्या ओल्या भागावर ज्या रेषा आणि उंचवटे असतात ते प्रत्येक जनावराचे वेगळे, आपल्या अंगठ्यासारखे. त्याचाही समोरून एक स्पष्ट फोटो, नाक पुसून. विमा, चोरी, हरवणं, यात तो कामाला येतो. हे फोटो, आणि बाकीचेही, व्हॉट्सॲपवर पाठवले की आकसतात. छापायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि एक प्रत फोनबाहेर ठेवा. फोन विहिरीत पडलेल्या दोन व्यक्ती या सभागृहात आहेत, नावं घेत नाही.

या स्मरणिकेच्या शेवटी दोन पानं जनावरांच्या फोटोंना द्यायला संयोजक तयार झालेत. फोटो माझ्याकडं पाठवा, निवडायचं काम मी करीन, वशिला चालणार नाही. फक्त प्रत्येक फोटोखाली मालकाबरोबर जनावराचंही नाव लिहा. कुठल्या साली घरात आलं, कसं होतं, दोन ओळी. तुम्हाला सुचलं नाही तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्या फोटोखालचा मजकूर अण्णांनी सांगितला आणि मी लिहून घेतला, तो तसाच छापायचा आहे:

"हरण्या. घरचाच. २००७ च्या उन्हाळ्यात झाला. डाव्या अंगाचा. नांगराला शांत, वड्याच्या पाण्याला भ्यायचा. सोन्या गेल्यावर आठ दिवस धड खाल्लं नाही."